समेवरची मान

"मान कशानं दुखावली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी "सवाई गंधर्व महोत्सव" म्हणणार होतो, तेवढ्यात बायकोनं उत्तर देऊन टाकलं. "दुसऱ्यांचं गाणं ऐकताना."

डॉक्टरांना यात काही विशेष वाटलं नाही. पुण्यात प्रॅक्टिस करतात. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली जागा पेनाच्या टोकानं दाखवली आणि मोबाइल फार बघता का, असं विचारलं. मी म्हटलं, मोबाइलवाल्यांची मान खाली असते, माझी वर असते. जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा चित्रपट महोत्सव झाला, त्यात आठवडाभर पहिल्या रांगेत होतो. पहिल्या रांगेत, कारण पोचायला उशीर व्हायचा. उशीर, कारण आधीचा सिनेमा दुसऱ्या थिएटरात असायचा आणि मधल्या वेळेत मिसळ खावी लागायची.

"म्हणजे डिसेंबरात सवाईला मान पुढे-मागे आणि जानेवारीत पिफला वर," डॉक्टर म्हणाले. केसपेपरवर त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही, पण बायकोनं ते वाचून मान डोलावली. तिची डोलते अजून.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मला गाता येत नाही. पेटीवरची काळी चार अजूनही मोजून शोधावी लागते. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात माझा अंगठा असतो. पण समोर कुणी गात असेल किंवा पडद्यावर कुणी मरत असेल, तर मी सगळ्या अंगानिशी हजर असतो. हे काम मी पन्नास वर्षं बिनपगारी, उलट तिकीट काढून करत आलोय. कलावंताच्या साधनेवर पुस्तकं निघतात. ऐकणाऱ्याच्या मणक्यांची नोंद फक्त एक्स-रेत होते.

आता जानेवारीतल्या त्या आठवड्याचंच घ्या. मी बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा 'द तुरिन हॉर्स' बघितला. 2011 चा सिनेमा. अडीच तास लांब आणि सगळे मिळून शॉट तीसच्या आसपास. आपल्याकडे तेवढे शॉट एका गाण्याच्या मुखड्यात संपतात. माळरानावर एक घर, बाहेर सोसाट्याचा वारा, घरात म्हातारा बाप आणि त्याची लेक. लेक बटाटे उकडते. दोघं एकेक बटाटा खातात. दुसऱ्या दिवशी वारा आणि बटाटा. तिसऱ्या दिवशी बटाटा आणि वारा. बापाचा उजवा हात निकामी आहे, त्यामुळे तो वाफाळता बटाटा डाव्या हातानं सोलतो. बोटं भाजतात, फुंकर मारतो, पुन्हा सोलतो.

पहिल्या बटाट्याला हॉलमध्ये चुळबुळ झाली. दुसऱ्याला चार जण उठून गेले. मला मात्र त्या दुसऱ्या बटाट्याला एकदम उलगडलं, की हा तर विलंबित ख्याल आहे! चीज तीच, दोन ओळींची, पण बढत दर वेळी नवी. कॅमेरा कधी बापासमोर, कधी लेकीसमोर. गवई नाही का एकाच षड्जाकडे कधी मंद्रातून येतो, कधी मध्यमावरून उतरतो? मग मी त्या बटाट्याची वाट बघायला लागलो, जशी समेची बघतात. आणि तिसऱ्या वेळी ताटलीत बटाटा आल्याबरोबर माझ्या तोंडून ठणठणीत "क्या बात है!" निघून गेलं.

अंधारातून तीन बाजूंनी "शूऽऽ" आलं. मागच्या रांगेत एक जण इतका वेळ खर्जात घोरत होता, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. सहाव्या दिवशी चूलच पेटत नाही आणि बाप-लेकीसमोर कच्चे बटाटे येतात, तेव्हा मला भडभडून आलं. बायको शेजारी होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "घरी मी उकडलेल्या बटाट्याला एकदा तरी असं म्हणाला असतात."

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी सहा आठवडे पट्टा घालायला सांगितला. तारीख होती नोव्हेंबर अखेरची. सवाई दोन आठवड्यांवर.

"डॉक्टर, विलंबितात मान मिनिटाला एकदाच हलते हो," मी विनवलं. "द्रुत सुरू झालं की मी उठून भजी खायला जातो, हवं तर."

"आणि तराणा?" ते म्हणाले. मी गप्प बसलो. जाणकार माणसाशी खोटं बोलता येत नाही. पट्टा मिळाला. हनुवटीपर्यंत येणारा, मागे चिकटपट्टी असलेला, काढताना जुनी चादर फाटल्यासारखा खर्रर्र आवाज करणारा. निघताना त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "यंदा शेवटच्या दिवशी कोण आहे?"

खरं म्हणजे अंग हलवत बघण्याची सवय मला गाण्यानं लागलेली नाही. ती तंबूतल्या सिनेमानं लावली. आमच्या गावाला जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. जमिनीवर बसायचं, प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दर रिळाला दिवे लागायचे आणि प्रत्येक दिव्याला शेंगदाणेवाला आत यायचा. तिथे 'जय संतोषी माँ' लागला. सिनेमा 1975 चा. आमच्या तंबूत पोचेपर्यंत दोन वर्षं गेली असतील, पण देवीला उशिराचं वावडं नसतं. आजी मला घेऊन गेली. तंबूच्या दाराशी बायकांनी चपला काढल्या होत्या, म्हणून आजीनंही काढल्या आणि मलाही काढायला लावल्या. आत कुणी उदबत्ती लावली होती. पडद्यावर देवी आली की लोक नाणी फेकायचे, आणि आरती सुरू झाली तसा अख्खा तंबू उभा राहून टाळ्यांच्या ठेक्यात आरती म्हणायला लागला. देशभर हेच चाललं होतं हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटलं होतं की सिनेमा बघायची पद्धतच ही.

बाहेर आलो तेव्हा आमच्या चपला गेलेल्या होत्या. आजी म्हणाली, देवीला वाहिल्या समज. माझ्या नव्या होत्या.

पुढच्या वर्षी त्याच तंबूत 'शोले' आला आणि मी सवयीनं चपला बाहेर काढून आत गेलो. त्याही गेल्या. पण त्या रात्री मी ठाकूरला, जयला, वीरूला, सगळ्यांना जमेल तितकं सावध केलं. "मागे बघ, मागे!" असं ओरडताना घसा बसला. सगळा तंबूच ओरडत होता. तरी जय मेला. माझं आजही असं मत आहे, की आम्ही थोडं अजून मोठ्यानं ओरडायला हवं होतं.

असं प्रशिक्षण घेऊन मी पुण्यात आलो आणि मामाच्या तावडीत सापडलो. मामा म्हणजे अस्सल कानसेन. 1953 साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला, तेव्हापासूनचा आपण श्रोता आहोत असं तो सांगायचा. त्या वेळी त्याचं वय मोजलं तर साडेचार भरतं, पण हा हिशेब त्याच्यासमोर करायची कुणाची छाती नव्हती. तो मला रमणबागेत घेऊन गेला. नव्वदीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस. डिसेंबरची थंडी, सतरंजी, दोन शाली, एक माकडटोपी आणि थर्मास. ध्वनिक्षेपकावर रात्री दहाचं बंधन तेव्हा आलं नव्हतं, मैफल पहाटेपर्यंत चालायची. हल्ली दरबारी ऐकायचा तर घड्याळाकडे बघत ऐकावा लागतो. तेव्हा रात्रच दरबारीची असायची, आणि पहाटे ललत सुरू झाला की दूधवाल्यांच्या सायकली मांडवाबाहेर थांबलेल्या असायच्या.

मी तंबूच्या शिस्तीत वाढलेला. पहिल्याच रात्री तानपुरे जुळायला लागले, ते इतके गोड जुळत गेले, की मी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला दहा-बारा जणांनी वळून बघितलं. मामानं सतरंजी डोक्यावरून घेतली.

त्या अपमानावरचं औषध मला पुढे कित्येक वर्षांनी मिळालं. 1971 मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँ बसले होते. त्यांनी वाद्यं जुळवली आणि हजारो गोऱ्या लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले की, नुसतं जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. मी हे मामाला मोठ्या उमेदीनं सांगितलं. मामा म्हणाला, "त्यांना माफ आहे. त्यांचे मामा नव्हते बरोबर."

मामाचं सिनेमाशी जुनं वैर होतं आणि त्याचं कारण एकच होतं. 1956 च्या 'बसंत बहार'मध्ये भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची जुगलबंदी आहे. नायकाला आवाज मन्ना डेंचा, त्यामुळे जिंकायचं त्यांनी. भीमसेन तेव्हा चौतिशीतले, आवाज म्हणजे नुसता धबधबा. त्यांच्यासमोर गायचं आणि वर जिंकायचं, या कल्पनेनं आपण पळून जायच्या बेतात होतो, असं मन्ना डेंनीच पुढे सांगितलंय. तेवढ्या प्रामाणिकपणाबद्दल मामानं मन्ना डेंना माफ केलं. पटकथा लिहिणाऱ्याला केलं नाही. जुगलबंदीचा निकाल लागायच्या क्षणी तो थिएटरातून उठून बाहेर जाऊन उभा राहायचा. हे त्यानं चार वेळा केलं, म्हणजे सिनेमा चार वेळा बघितला.

'बैजू बावरा'वर मात्र तो खूश होता. त्यात तानसेनाला आवाज अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूला द. वि. पलुस्करांचा. कुणीही हरलं तरी गाणंच जिंकणार. पण माझ्यासारख्या माणसासाठी त्या सिनेमाचं मोठेपण वेगळंच आहे. त्यात बादशहा संगमरवराची शिळा मांडून ठेवतो. ज्याच्या गाण्यानं ती वितळेल तो श्रेष्ठ. केवढी सोय आहे ही! रागाचं नाव माहीत नको, गंधार कोमल की शुद्ध याची चिंता नको, दगडाकडे बघत बसायचं. पाणी व्हायला लागलं की टाळ्या.

सवाईत दगड ठेवत नाहीत. तिथे माझ्यासारखे लोक शेजाऱ्याकडे बघतात.

हे उघडपणे कुणी सांगत नाही, पण मांडवातली अर्धीअधिक दाद अशीच पसरते. पुढच्या बैठकीत चार-पाच जण असतात, त्यांना खरंच कळत असतं. त्यांची मान हलली की त्यांच्या मागच्यांची हलते, मग खुर्च्यांची, आणि शेवटी भज्यांच्या स्टॉलपाशी उभा असलेला माणूस हातातल्या भज्यानं सम दाखवतो. आमच्या बायकोची गोष्ट निराळी. ती सबंध गाणं लोकरीचं काहीतरी विणत ऐकते, डोकं वर करत नाही, आणि मी कार्यक्रमपत्रिकेत राग शोधत असताना "मारवा आहे, पत्रिका ठेवा" एवढंच म्हणते. तिच्या सुयांची टोकं समेवर भिडतात, हे लग्नानंतर वीस वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

तर असा मी, गळ्यात पट्टा घालून मुकुंदनगरच्या मांडवात दाखल झालो. (मामा असता तर आला नसता. रमणबाग सोडून महोत्सव मुकुंदनगरला जाणं म्हणजे त्याच्या लेखी व्हिसा लागणारी गोष्ट.) सतरंजीवर बसायची मनाई, म्हणून खुर्ची. पट्टा दिसू नये म्हणून बायकोनं वरून मफलर गुंडाळला होता. बाहेरून बघणाऱ्याला मी नुसता ताठ बसलेला दिसत होतो.

उजवीकडे एक निवृत्त गृहस्थ होते. कानटोपी, मांडीवर थर्मास, हातात वही. पहिलाच गायक कोवळा मुलगा होता, पंचविशीतला असेल. मुलतानी घेतला होता. चांगलंच गात होता. गृहस्थांनी दोनदा "वा!" केलं आणि तिसऱ्या समेला दाद वाटून घ्यायला माझ्याकडे वळले.

माझी मान हलली नाही. ती हलूच शकत नव्हती. डोळे समोर, हनुवटी वर, चेहरा दगडी. आतून मी विरघळत होतो, पण ते बादशहालाच दिसलं असतं.

गृहस्थांचा हात हवेतल्या हवेत थांबला. त्यांनी परत मंचाकडे बघितलं, डोळे बारीक केले. पुढच्या समेला "वा" आला नाही. मुलानं सपाट तान घेतली, मांडवात टाळ्या पडल्या, गृहस्थांनी चोरून माझ्याकडे बघितलं. मी ढिम्म. मध्यंतरात ते झुकून म्हणाले, "आवाज आहे, पण ठहराव नाही. बरोबर ना?"

मी काही बोलायला गेलो, पण पट्ट्यामुळे जबडा अर्धाच उघडायचा. "हं," एवढंच निघालं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पलीकडचे दोघेही माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, "ते मफलरवाले आहेत ना, त्यांची मान अजून एकदाही हललेली नाही." मान उगाच हलत नाही म्हणजे केवढा मोठा कान असेल, असा हिशेब मांडवात झाला होता. चाळीस वर्षं मी मान मोडेस्तोवर हलवली, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. मोडली तेव्हा मी जाणकार झालो.

माझे आतून काय हाल चालले होते ते मलाच ठाऊक. दाद कुठून तरी बाहेर पडावी लागते. मानेनं अडवली की ती खाली उतरते. पहिल्या दिवशी पायाचे अंगठे हलवून बघितले, बुटात काय कळणार. भुवया उडवल्या तर समोरच्या बाईंनी पदर सावरला. एकदा झाल्याच्या वेळी सतारवाल्यानं अशी काही तिहाई आणली, की मी भान विसरून मांडीवर थाप मारली. मांडी गृहस्थांची होती. त्यांनी तो बहुमान समजून घेतला आणि दुसऱ्या मांडीवरचा थर्मास बाजूला ठेवला.

चौथ्या दिवशी एक तरुण नमस्कार करायला आला. "काका, आपण कुणाकडे शिकलात?"

"मामाकडे," मी म्हणालो. खरंच होतं.

"घराणं?"

"शनिवार पेठ."

तो पाया पडला. बायकोच्या सुया थांबल्या, तिनं एक टाका उसवला आणि पुन्हा विणायला लागली.

आपण काही बोललो नाही तर लोक आपल्याबद्दल किती चांगलं बोलतात, याचा मला थोडा मोह पडला होता, हे कबूल करतो. शेवटच्या दिवशी दुपारी बायकोनं विचारलं, डॉक्टरांना फोन करून दोन तासांपुरता पट्टा काढायची परवानगी घेऊ का? मी नको म्हणालो. घरून निघताना मफलर आरशात दोनदा बघून नीट केला. आणि मांडवात दारापाशीच डॉक्टर भेटले. भजी खात होते. मला बघून त्यांनी भजं दाखवून सम दिली, बाकी काही नाही.

सवाईचा शेवट कसा होतो हे इथल्या नेहमीच्या लोकांना सांगायला नको. शेवटच्या कलावंताचं आटोपलं, की सवाई गंधर्वांनी गायलेली भैरवी ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावतात. ते गेले 1952 साली. म्हणजे ज्याच्या नावानं सगळं चाललंय, त्या माणसाचा आवाज सगळ्यांत शेवटी येतो, जुन्या तबकडीच्या खरखरीसकट, तीन-साडेतीन मिनिटांपुरता. फिरोज दस्तूर, जे 1933 मध्ये 'लाल-ए-यमन' या बोलपटात लहानपणी गायले आणि मग सिनेमा सोडून याच गुरूंच्या गाण्यात रमले, तेही वर्षानुवर्षं इथे गाऊन जायचे. मामा सांगायचा, दस्तुरांचं गाणं ऐकताना त्याला सिनेमाबद्दल क्षणभर बरं वाटायचं, निदान एक माणूस तरी तिथून परत आला म्हणून.

ध्वनिमुद्रिका लागली. भज्यांच्या कढयासुद्धा गप्प झाल्या. काही लोक उठून उभे राहिले, काही बसूनच होते, शाली आवरायचं सोडून. त्या खरखरीतून आवाज आला, आणि मला मामा दिसला, सतरंजी डोक्यावरून घेतलेला. आता मान नाही हलवली तर ती असून उपयोग काय, असं झालं. मी मफलर सोडला, मागे हात नेला, चिकटपट्टीचं टोक सापडलं, आणि ओढलं.

खर्रर्र!

एवढ्या शांततेत तो आवाज कुठवर गेला असेल ते सांगता येत नाही. पण तो बरोबर समेवर पडला. बायकोच्या सुया तिथेच भिडल्या होत्या, त्यावरून सांगतो.

"वा!" शेजारचे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले. माझ्या डोलणाऱ्या मानेकडे बघितलं, माझ्या हातातल्या पट्ट्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनी वही काढली, पहिल्या दिवसाचं पान शोधलं आणि खिशातलं पेन उघडलं.

"म्हणजे तो मुलतानीवाला मुलगा," ते म्हणाले, "चांगला गायला होता म्हणायचा."